अंतेवासी, उमेदवार आणि आंतरवासिता

१. महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें कांहीं काळ कचेरींत, कारखान्यांत, रुग्णालयांत किंवा शाळेंत प्रत्यक्ष काम करून पुढील व्यवसायाची तयारी करावी, या व्यवस्थेस हल्लीं इंटर्नशिप म्हणतात. मराठींत तिला 'आंतरवासिता' असें नांव पडलें आहे. वैद्यकीची अंतिम परीक्षा उतरलेल्या विद्यार्थ्यास रुग्णालयांत एक वर्ष आंतरवासिता करावी लागते. अध्यापनाची पदवी घेणारास ती शाळेंत करावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर इतर शाखांच्या अभ्यासक्रमांतहि तिचा प्रवेश झाला. याचा एक परिणाम असा कीं, जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांकडेहि असे विद्यार्थी चार-सहा आठवड्यांच्या बोलीनें येऊं लागले आहेत. ज्यांच्या घरीं किंवा संस्थेंत रुमाल बांधलेले आहेत, त्या सर्वांपुढें या विद्यार्थ्यांना काय शिकवावें व त्यांजकडून काय काम घ्यावें, हा प्रश्न उभा आहे. प्रश्न दिसतो नवा. परंतु आपल्या देशांत त्याचा विचार फार पूर्वीं झालेला आहे, आणि दोन निरनिराळ्या रीतींनीं झालेला आहे. त्या दोन रीति वाचकांपुढें मांडाव्या व त्यांवरून आपल्या संग्रहांपुरता कांहीं निष्कर्ष काढावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. प्रथम शब्दाचा विचार करूं. 'आंतरवासिता' हा शब्द कानास 'अंतेवासी' या प्राचीन शब्दाचा वंशज वाटतो. परंतु दोहोंची घडण एक नव्हे. 'अंतेवासी' हा अलुक् समास आहे. त्यांतील पूर्वपदाची सप्तमी लोप न पावतां तशीच राहिली आहे. येथें 'अंत' म्हणजे शेवट नव्हे, तर समीपता. जो आचार्याच्या समीप राहतो तो अंतेवासी. पाणिनीच्या सूत्रांत हा शब्द आला आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या ज्या शिष्यास आचार्य उपदेश करतात, त्यासहि अंतेवासी असेंच म्हटलें आहे. 'आंतरवासी' या शब्दांत मात्र 'अंतर' म्हणजे आंतला भाग हें पद आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं जो 'आंतला' असा अर्थ आहे, त्याचेंच तें प्रतिरूप होय. शिवछत्रपतींच्या काळीं राजव्यवहारकोशांत रघुनाथपंडितानें फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द घडविले व त्यांत कचेरीच्या शब्दांसाठीं लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र वर्ग केला. त्याच परंपरेंतला हा आधुनिक प्रयत्न आहे आणि व्याकरणदृष्ट्या त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु अर्थांतला भेद ध्यानांत धरण्याजोगा आहे. अंतेवासी एका व्यक्तीच्या जवळ राहतो. आंतरवासी एका इमारतीच्या आंत राहतो. इमारतीच्या आंत राहूनहि कोणाच्याच जवळ नसणें शक्य आहे. पुढील सर्व विवेचन याच एका भेदावर उभें आहे.

३. अंतेवासी म्हणजे केवळ वेद शिकणारा बटु अशी पुष्कळांची समजूत असते. धर्मशास्त्राच्या व्यवहारप्रकरणांत तसें नाहीं. नारदस्मृतींत सेवा करणारांचे पांच प्रकार सांगितले आहेत : शिष्य, अंतेवासी, भृतक, अधिकर्मकृत् आणि दास. यांपैकीं शिष्य हा विद्येसाठीं राहणारा व अंतेवासी हा शिल्प, म्हणजे हातचा धंदा, शिकण्यासाठीं राहणारा. त्याच्याविषयींचे नारदाचे नियम असे आहेत. धंदा शिकूं इच्छिणाऱ्यानें आपल्या बांधवांच्या अनुमतीनें व मुदत निश्चित करून आचार्यापाशीं राहावें. आचार्यानें त्यास आपल्या घरचें अन्न घालून शिकवावें, दुसरें काम करावयास लावूं नये, पुत्राप्रमाणें वागवावें. निर्दोषपणें शिकविणाऱ्या आचार्यास जो मुदतीपूर्वीं सोडून जाईल, त्यास बळानें परत आणावें व तो शिक्षेस पात्र व्हावा. शिक्षण लवकर पुरें झालें तरी ठरलेली मुदत त्यानें भरावी, आणि त्या अवधींत तो जें काम करील त्याचें फळ आचार्याचें. मुदत संपली म्हणजे आचार्यास प्रदक्षिणा घालून, यथाशक्ति संतुष्ट करून त्यानें निघावें.

याज्ञवल्क्यानेंहि हाच नियम थोडक्यांत दिला आहे. त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांतला, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतला व आपल्या दक्षिणेंतलाच. त्यानें उदाहरण दिलें आहे तें आयुर्वेदादि शिल्प शिकण्यासाठीं चार वर्षें गुरुगृहीं राहण्याचें. आजचा आंतरवासी वैद्य पाहिला म्हणजे या उदाहरणाचें कौतुक वाटतें. कात्यायनानें तर आचार्याच्या बाजूसहि दंड सांगितला आहे. जो शिल्प न शिकवितां अन्य कामें करवून घेतो, त्यास प्रथम साहसाचा दंड व्हावा आणि शिष्यानें त्यास सोडून जावें, असा त्याचा निर्णय आहे.

या नियमांतील ताडन-बंधन आज कोणी ग्राह्य धरणार नाहीं. टीकाकारांनींहि त्यांतील कठोर शब्दाचा अर्थ सौम्य करून घेतला आहे. पण नियमांची अंतर्गत रचना पाहावी. आरंभीं शिकाऊ माणूस निरुपयोगी असतो. तो माल बिघडवितो, गुरूचा वेळ घेतो आणि वर अन्न खातो. हा तोटा गुरु सोसतो, कारण शेवटच्या काळांत शिकून तयार झालेल्या हाताचें काम त्यास मिळणार असतें. म्हणून मुदत आधीं ठरलेली असावी लागते, आणि ती पुरेशी लांबहि असावी लागते. अन्न, शिक्षण, मुदत आणि फळ हे चार खांब एकमेकांवर टेकलेले आहेत. एक काढला कीं बाकीचे पडतात.

४. दुसरी रीति उमेदवारीची. 'उमेद' म्हणजे आशा. जो आशेवर आहे तो उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीस उभा राहणाऱ्यास लावतात. परंतु कचेऱ्यांच्या भाषेंत उमेदवार म्हणजे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी काम करणारा मनुष्य. इंग्रजी अमदानींत मामलेदारांच्या व कलेक्टरांच्या कचेऱ्यांत असे उमेदवार असत, आणि आमच्या पिढींतील पुष्कळांनीं आपल्या आज्यांच्या तोंडून उमेदवारीच्या गोष्टी ऐकल्या असतील.

या रीतीचें महत्त्व समजण्यास जुन्या दफ्तराचें स्वरूप ध्यानांत आणलें पाहिजे. पंतोजीच्या शाळेंत मुलगा धुळपाटीवर अक्षरें गिरवी, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे म्हणे, आणि पत्रांचे मायने शिके. तेवढ्यानें तो कारकून होत नसे. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे चालतें दफ्तर व एकबेरीज दफ्तर असे दोन मुख्य भाग होते. चालत्या दफ्तरांत फड, बेहडा, सरंजाम इत्यादि खातीं असत. एकबेरीज दफ्तरांत निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या हिशेबांचें वर्गीकरण होऊन तर्जुमे व खतावण्या तयार होत. रोजकीर्द कशी लिहावी, कोणता कागद कोणत्या सदरीं जावा, बार कोठें करावा, मोर्तबाची जागा कोणती, हें ज्ञान हातांत मुरलेलें असे. कारकुनी लेखनाचे नियम सांगणारीं मेस्तकें होतीं. हेमाडपंताच्या नांवावरहि एक मेस्तक चालतें. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं लेखनक्रियेचा स्वतंत्र समास घातला आहे व त्यांत अक्षराचें वळण, शाई, लेखणी यांपासून तों फार बारीक अक्षर म्हातारपणीं कामास येत नाहीं येथपर्यंत सर्व सांगितलें आहे. परंतु मेस्तक वाचून कोणी फडणीस झाला, असें ऐकिवांत नाहीं.

नाना फडणीसांचा जन्म १७४२ चा. १७५६ सालीं त्यांचे वडील जनार्दन बल्लाळ वारले आणि वयाच्या चवदाव्या वर्षीं फडणिशी नानांकडे आली. एवढ्या कोवळ्या वयांत ती दौलतीच्या हिशेबाची जागा संभाळली गेली, याचें कारण नानांच्या बुद्धीइतकेंच घरच्या वातावरणांत असलें पाहिजे, असा आमचा तर्क आहे. ज्या घरीं सकाळपासून रात्रीपर्यंत फर्द, यादी आणि ताळेबंद यांचीच भाषा चालते, तेथील मुलगा न शिकवितां शिकतो. येथें एक गोष्ट स्पष्ट होते. दरकदाराच्या घरचा मुलगा हा वस्तुतः नारदाचा अंतेवासी होता. त्यास अन्न होतें, गुरु जवळ होता, मुदत जन्माची होती, आणि पुढें जागाहि होती. बाहेरून येणारा मुलगा मात्र उमेदवार. त्याच्या वांट्यास नकला करणें, बोरू तासणें आणि आशा करणें. त्यास शिकविण्याचें बंधन कोणावरच नव्हतें. जें शिकावयाचें तें त्यानें डोळ्यांनीं चोरावयाचें. आणि ज्याच्या घरीं दोन-तीन वर्षें बिनपगारी बसून खाण्याची सोय, तोच तेथवर टिकावयाचा. कारकुनी पेशा पिढ्यान् पिढ्या ठराविक घरांतच का राहिला, याचीं जीं अनेक कारणें आहेत, त्यांत हेंहि एक मोजलें पाहिजे.

तरीहि उमेदवारीची निंदाच करणें अन्यायाचें होईल. उमेदवारासमोर असलेलें काम खरें असे. चूक झाली तर बेरीज जुळत नसे, आणि बेरीज जुळेपर्यंत कोणी उठत नसे. शाळेंतल्या कित्त्यांत हा गुण नाहीं.

५. आतां हें सर्व आमच्या वाचकांच्या विषयास कसें लागतें तें पाहूं. मोडी लिपि शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यास गेली. तत्पूर्वीं मोडी वाचणारे कारकून कचेऱ्याकचेऱ्यांतून होते. तीं माणसें गेलीं व त्यांच्याबरोबर उमेदवारीची परंपराहि तुटली. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत हजारों रुमाल आहेत; त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं साहाय्यकांच्या मदतीनें १९३० ते १९३४ या अल्प काळांत बाहेर काढले. त्या वेळीं मोडी झरझर वाचणारीं माणसें सहज मिळत होतीं, म्हणूनच तें काम त्या वेगानें झालें. आज द्रव्य मिळेल, छायाचित्रण मिळेल; सराईत वाचक मिळणें कठीण.

मोडीचीं मूळाक्षरें पंधरा दिवसांत येतात. पण तेवढ्यानें कागद वाचतां येत नाहीं. शिरोरेषा आधीं सबंध ओढून अक्षरें तिला लटकाविलेलीं असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि निम्मे शब्द संक्षेपानें लिहिलेले असतात. कागद वाचला तरी तो लावतां आला पाहिजे. एक साधें उदाहरण देतों. पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असा सन आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. मिळून शुहूर सन ११६१. कोष्टकांत पाहणारा विद्यार्थी त्यांत ५९९ मिळवितो आणि १७६० लिहून मोकळा होतो. परंतु शुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. पत्र मृगानंतरचें व डिसेंबरअखेरच्या आंतलें असेल तर ५९९ बरोबर. जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंतचें असेल तर ६०० मिळविले पाहिजेत. भर घालून, पत्रांतला महिना हिजरी चांद्र असतो व सन मात्र सौर असतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. या सनाच्या उत्तरार्धांतलें पत्र त्या विद्यार्थ्याच्या हातीं लागलें, तर लढाईची बातमी लढाईच्या आधीं एक वर्ष पुण्यास पोंचेल! हा नियम पुस्तकांत आहे. पण हातांतल्या पत्रास तो लावण्याची संवय शेजारीं बसलेला जाणता मनुष्य बोट ठेवून चूक दाखवितो, तेव्हांच लागते. अशा पन्नास चुका दुरुस्त झाल्या म्हणजे वाचक तयार होतो. हें काम सहा आठवड्यांचें नव्हे.

६. याउलट आमच्या पाहण्यांत आलेला प्रकार सांगतों. एका संग्रहांत इतिहासाचे दोन विद्यार्थी सहा आठवड्यांसाठीं आले. दोघेहि हुशार, एक तर रोज बाहेरगांवाहून स्वखर्चानें येई. सहा आठवडे त्यांनीं रुमालांवरची धूळ झाडली, जुनीं फडकीं बदललीं आणि यादींतले क्रमांक उतरून काढले. एकहि कागद त्यांस उलगडून दाखविला गेला नाहीं. शेवटीं दोघांस प्रमाणपत्रें मिळालीं. यांत कोणी दुष्टपणा केला असें आम्ही म्हणत नाहीं. सहा आठवड्यांत जाणाऱ्या विद्यार्थ्यास शिकविण्यांत संग्रहाचा केवळ तोटा आहे. त्याच्या तयार हाताचा उपयोग संग्रहास कधींच होणार नसतो. म्हणून जाणता माणूस आपला वेळ देत नाहीं व झाडूचें काम देतो. नारदाच्या चार खांबांपैकीं मुदतीचा खांब काढला, तेव्हांच शिक्षणाचा खांब पडला. कात्यायनाच्या न्यायासनापुढें मात्र असा आचार्य दंडास पात्र ठरला असता.

येथें नांवांची मोठी गंमत झालेली दिसते. १९६१ च्या कायद्यानें कारखान्यांतील शिकाऊ कामगारांची जी व्यवस्था लावली, तिला मराठींत 'शिकाऊ उमेदवारी' म्हणतात. त्या कायद्यांत करार आहे, मुदत आहे, शिकविण्याचें मालकावर बंधन आहे आणि विद्यावेतनहि आहे. म्हणजे नांव उमेदवाराचें, पण व्यवस्था अंतेवासीची. उलट महाविद्यालयीन आंतरवासितेचें नांव अंतेवासीच्या जवळचें. पण जेथें वेतन नाहीं, मुदत तोकडी आणि शिकविण्याचें बंधन कोणावरच नाहीं, तेथें वस्तु जुन्या उमेदवारीची आहे. फरक इतकाच कीं, जुन्या उमेदवाराच्या हातीं निदान खरें काम व जागेची आशा होती. वैद्यकीय आंतरवासींस विद्यावेतन मिळतें. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानेंहि कार्यप्रशिक्षणाची योजना काढून शिक्षणाच्या मानानें दरमहा ६,००० ते १०,००० रुपये ठरविले. अन्नाचा खांब उभा राहूं लागला, ही समाधानाची गोष्ट होय. पण पैशानें गुरूची जवळीक विकत येत नाहीं. ती निराळी मिळवावी लागते.

७. यावरून संग्रहवाल्यांनीं पुढील गोष्टी कराव्या, असें आमच्या मनांत येतें. दहा विद्यार्थी सहा आठवडे घेण्याऐवजीं एकच विद्यार्थी एक वर्ष घ्यावा. आठवड्यांतून दोन दिवस आला तरी चालेल. त्यास संस्थेच्या स्वाधीन न करतां एका नांव सांगतां येईल अशा वाचकाच्या स्वाधीन करावा. येण्याजाण्याचा व दुपारच्या जेवणाचा खर्च संग्रहानें सोसावा, म्हणजे गरीब घरचा मुलगा किंवा मुलगी गळणार नाहीं. पहिल्या दिवसापासून खरा कागद हातीं द्यावा, मूळ नव्हे तर त्याची छायाप्रत. झाडणें-बांधणें हेंहि दफ्तराचें अंग आहे, तें शिकवावें. पण तेवढ्यावर निरोप देऊं नये. आणि वर्षाच्या उत्तरार्धांत विद्यार्थ्यानें वाचून लावलेले कागद संग्रहाच्या यादींत त्याच्या नांवानिशीं नोंदवावे. स्मृतिकारांनीं कामाचें फळ आचार्यास दिलें आहे. तें संग्रहानें खुशाल घ्यावें. वाचनाचें श्रेय मात्र वाचणाऱ्याचें. पूर्वीच्या कित्येक प्रकाशनांत साहाय्यकांचीं नांवें प्रस्तावनेंतल्या एका ओळींत संपलीं आहेत. ती चाल पुढें चालविण्याचें कारण नाहीं.

यावर कोणी म्हणेल, संग्रहांजवळ एवढा पैसा कोठें आहे? आमचें उत्तर असें कीं, तयार झालेला वाचक सहा महिन्यांत जे रुमाल वाचील, त्यांची किंमत त्याच्या वर्षभराच्या जेवणाहून थोडी नसेल. दुसरा कोणी म्हणेल, इतिहासाचे सगळेच विद्यार्थी मोडी वाचक होणार नाहींत. खरें आहे. परंतु बोट ठेवून चूक दाखविणाऱ्या माणसाजवळ एक वर्ष बसलेला विद्यार्थी पुढें शिक्षक झाला, वकील झाला किंवा कचेरींत गेला, तरी कागदावर काय आहे आणि काय नाहीं हें पाहण्याची दृष्टि त्याच्याबरोबर जाते. व्यवसायाची तयारी म्हणतात ती हीच.

आज मोडी सराईतपणें वाचणारे, सन लावणारे आणि हिशेबी कागदांचीं सदरें ओळखणारे पुष्कळसे लोक आमच्याच वयाचे किंवा आमच्याहून वडील आहेत. रुमाल कपाटांत आणखी शंभर वर्षें टिकतील. वाचणारे टिकणार नाहींत. ज्यांच्या जवळ कोणी बसावें असे लोक आहेत तोंवरच अंतेवासी मिळणें शक्य आहे. पुढें राहतील ते केवळ आंतरवासी. संग्राहकांनीं व संस्थांच्या चालकांनीं येत्या वर्षीं निदान एकेक जागा अशी करावी, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.